जिनामागच्या माळाचे कुलगुरू

उघड्या माळावरून चालता चालता आमचे सर मधेच पाय उचलून उंबरठा ओलांडायचे. उंबरठा कुठेच नव्हता. होते ते सराटे आणि बकऱ्यांच्या लेंड्या. पण सरांच्या लेखी तिथे विद्यापीठाचं ग्रंथालय होतं, त्याला लागून पदवीदानाचं सभागृह, आणि पलीकडे बाभळीपाशी रसायनशास्त्र. बकऱ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याला ते सांगायचे, "बाबा, जनावरं जरा रसायनशास्त्रातून बाहेर काढा." तो म्हणायचा, "काढतो ना साहेब, पण गवत तं इथंच हाय." सगळं गाव त्यांना 'कुलगुरू' म्हणायचं, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

दारव्हा आणि दिग्रसच्या मधलं आमचं गाव. छप्पन्न साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी गावातल्या व्यापाऱ्यांनी एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनात इंटरपर्यंतचं, म्हणजे मॅट्रिकनंतरच्या दोन वर्षांचं, कॉलेज काढलं. नागपूरची कायमची नोकरी सोडून सर तिथे प्राचार्य म्हणून आले. सरकी साठवायच्या खोल्यांत वर्ग भरायचे; भिंतींना तेलाचा वास, पंख्याचं नाव नाही. सर म्हणायचे, "नागपूरची राजधानी गेली मुंबईला. आता आपलं आपण बघायचं. आज इंटर, उद्या बी.ए., परवा विद्यापीठ!" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की मुलं त्यावर टाळ्यांचा ठेका धरायची. सरही हसत हसत मान डोलवायचे.

माणूस मात्र नुसता बोलघेवडा नव्हता. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून ते बंजाऱ्यांच्या तांड्यांवर जायचे. तिथल्या म्हाताऱ्यांना त्यांच्याच बोलीत 'याडी', म्हणजे आई, अशी हाक मारायचे, दिलेली भाकर खायचे आणि उठताना त्यांचा मॅट्रिक झालेला मुलगा मागून घ्यायचे. एक याडी चिडून म्हणाली होती, "मास्तर, तू पोरगं नेतं, मंग नांगर कोन धरन?" सरांनी पुढच्या रविवारी तिचा नांगर धरला. तास असे वाकडे आले की तिनेच हात जोडले आणि पोराला कॉलेजात पाठवलं.

माझ्यासाठी ते आमच्या घरीही आले होते. बाबा तहसिलीत कारकून. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "गावात कॉलेज आहे तोवर शिकेल. बाहेरगावी मुलगी ठेवणार नाही." सर म्हणाले, "बाहेरगावी जायचं कशाला? ही इंटर होईपर्यंत बी.ए.चे वर्ग इथेच सुरू होतील. माझा शब्द." त्या दिवसापासून माझं सगळं आयुष्य त्या एका शब्दाला टांगलेलं होतं. बी.ए.चे वर्ग आले तर मी शिकणार, नाही तर बोहल्यावर चढणार. इतकं सरळ.

मी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला असताना नागपूर विद्यापीठाची तपासणी समिती यायची ठरली. समितीने वर्ग चालू पाहायचे, पुस्तकं पाहायची, प्रयोगशाळा पाहायची आणि बी.ए.ची परवानगी द्यायची. सर सकाळीच पाहुण्यांना आणायला दारव्ह्याच्या स्टेशनवर गेले. मागे राहिले आमच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब, जिनांचे मालक, मोठ्या मनाचा माणूस. घात केला तो त्या मोठ्या मनाने.

पाहुणे म्हटल्यावर वऱ्हाडी माणसाच्या अंगात येतं! भाऊसाहेबांनी कॉलेजला सुट्टी दिली. ग्रंथालयाची खोली गार, म्हणून पुस्तकं बैलगाडीत भरून गोदामात रवाना केली आणि तिथे गाद्या, लोड, पांढऱ्या चादरी घातल्या. प्रयोगशाळेत पाण्याची टाकी, म्हणून तिथे स्वयंपाक. काचेची नळकांडी पोत्यात बांधून अडगळीत. मुलं वाढपी झाली, आम्ही मुली रांगोळ्या काढायला आणि विडे लावायला. कोणीतरी म्हणालं, "भाऊसाहेब, सरांले इचारून घेऊ." तर ते म्हणाले, "त्यात काय इचाराचं? गावाची इज्जत हाय. लोक नागपुरातून येऊन राह्यले, अन् आपण त्याइले वर्गात बाकावर बसवाचं?"

सर मोटारीतून उतरले आणि मांडव बघून जागच्या जागी थिजले. पण बोलणार काय? बॅंड वाजायला लागला होता. पुरणाच्या पोळ्या, वडाभात, कढी, तुपाच्या वाट्यांवर वाट्या. पाहुणे तृप्त होऊन गाद्यांवर आडवे झाले. उठल्यावर समितीच्या प्रमुखांनी डोळे चोळत विचारलं, "वर्ग कुठे चालू आहेत?"

"आज वर्ग कायचे साहेब!" भाऊसाहेब अभिमानाने म्हणाले. "तुमच्यासाठी सारं बंद ठेवलं."

"आणि ग्रंथालय?"

"तुमी तिथंच तं झोपले होते!"

गाडी पाच वाजताची होती. गोदामातली पुस्तकं दाखवायला सर धावत निघाले, पण प्रमुखांनी घड्याळ पाहिलं आणि "राहू द्या, प्राचार्य" म्हणाले. मांडव उतरताना सर भाऊसाहेबांना एवढंच बोलले, "अहो, पाहुणे मुलगी पाहायला आले होते. तुम्ही मुलीला कोठीत कोंडलंत आणि पोळ्या वाढल्यात." भाऊसाहेबांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. "जेवले तं पोटभर," ते म्हणत राहिले.

परवानगी नाकारली गेली. नुसतं इंटर करून पोरांचं काय होणार, म्हणून लोक मुलांना सरळ अमरावतीला घालू लागले. तांड्यावरची मुलं तर शेतावरच परतली. पहिल्या वर्षाचा वर्ग रिकामा राहिला आणि संस्थेने कॉलेज बंद केलं. जिनात पुन्हा कापूस आला. सर माळावर फिरायचे थांबले. एकदा मी त्यांना तिथून जाताना पाहिलं. ते सरळ चालत गेले, पाय न उचलता. मी तशीच घरी पळाले.

गाव सोडायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले. बाबांना म्हणाले, "माझी बहीण अमरावतीला असते. हिला तिच्याकडे ठेवा. पोटच्या मुलीसारखी सांभाळेल." बाबा खाली बघत म्हणाले, "सर, तारीख धरली हो. वैशाखातली."  सर अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग मी इथे कोणासाठी आलो होतो?"  आईने चहा दिला, कुंकू लावलेली पत्रिका हातात दिली. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, "येतो" म्हणाले.

लग्नाला ते आले नाहीत. बरंच केलं. आले असते तर मी मांडवात हंबरडा फोडला असता, आणि सगळ्यांना वाटलं असतं, माहेर सुटतंय म्हणून रडतेय.