शुक्र समोर होता म्हणून

परवा फॅमिली ग्रुपवर मेसेज आला... शुक्र समोर आहे, सूनबाईंनी या महिन्यात प्रवास करू नये. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. नव्वदीत मला ग्रुप सोडता येतो. सोडला, आणि इथे लिहायला बसले.

स्वातंत्र्याच्या एकदोन वर्षं आधीची गोष्ट. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून सुट्टीला आले होते आणि मैनाताईकडे, ब्राह्मणपुरीला, राहायला गेले होते. ताई माझी थोरली बहीण. पहिलटकरीण, आठवा महिना.

एका सकाळी तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं. सुईण म्हणाली, हे माझ्या हातातलं नाही, चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात न्या. बैलगाडीने नंदुरबार, पुढे रेल्वे... भावजींनी बैल जुंपलेसुद्धा.

ताईची सासू दारात उभी राहिली. "शुक्र समोर शे! पोटुशी बाई त्यानाकडे तोंड करीसन निंघस का कधी?" त्या दिवसांत शुक्र संध्याकाळी पश्चिमेला दिसायचा, आणि चिंचपाडाही त्याच अंगाला. बैल सोडले.

मला राग आवरेना. म्हटलं, मावशी, शुक्र म्हणजे आपल्या पृथ्वीएवढाच दगडाचा गोळा. वर ढग इतके दाट, की त्याची जमीन अजून कुणी पाहिलेली नाही... मग त्याला तरी आपण कुठून दिसणार?

"चार बुकं वाचीसन मडम व्हयी गयी ही!" ओसरीवरची माणसं हसली. भावजी खाली बघत राहिले.

तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या सकाळी ताईचे ओठ पांढरे पडले होते. तिने सासूला जवळ बोलावलं. "आत्याबाई, माले गाडीमा उलट्या तोंडे बसाडा. शुक्रकडे पाठ, घरकडे तोंड. मंग तं झालं?"

सासू दारातून बाजूला झाली, भावजींनी पुन्हा बैल जुंपले. ताई घराकडे बघत बघत गेली. मी तिला मागून धरून होते.

ताई वाचली. बाळ... मुलगी होती. काल आणलं असतं तर, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईला पुन्हा मूल झालं नाही.

पुढे निवृत्तीपर्यंत मी भूगोल शिकवला. शुक्रावर यान उतरलं, तिथल्या जमिनीचा फोटो पेपरात आला, तेव्हा तो घेऊन ताईकडे गेले. चपटे, भाजल्यासारखे दगड. शिसं वितळेल इतकी उष्णता, चिरडून टाकेल इतकी जड हवा, आणि ढगांतून अ‍ॅसिड गळतं ते खाली पोचायच्या आतच विरून जातं. हा गोळा स्वतःभोवती फिरतोही पृथ्वीच्या उलट... सगळं सांगितलं.

ताईने फोटोतल्या दगडांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "तठे कोणी ऱ्हास का?"

म्हटलं, कोणीच नाही.

"मंग आमले अडावनारा कोन व्हता?"