सुमतीला दिलेली पुस्तकं

माझ्या नवऱ्याला हे शेवटपर्यंत कळलं नाही. देवीपुढे हात जोडतानासुद्धा मी हे मनात आणलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

मालवणजवळच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. माझी आई डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची. तिची मुलगी सातवीची फायनल परीक्षा पास झाली, ट्रेनिंग कॉलेजात गेली आणि 'बाई' होऊन आली, याचं आमच्याकडे त्या काळी केवढं नवल! गावोगावच्या मुली विचारायला यायच्या. मी हातचं काही राखत नसे. गणित पाटीवर सोडवा, पुसा, उद्या पुन्हा सोडवा. धडा मोठ्यानं वाचा, घरात जागा नसेल तर दर्यावर जाऊन वाचा. माझं फाटक्या पुठ्ठ्याचं व्याकरण, अंकगणित, नकाशांचं जुनं पुस्तक — सगळं मी त्यांना वापरायला द्यायचे. सहा-सात जणी माझ्या पुस्तकांवर मास्तरणी झाल्या. अशा माझ्यावर कोणी संशय घेईल, असं तुम्हाला वाटतं?

मग सुमती आली.

सुमती शाळेत माझ्याच वर्गात शिकलेली. तिचे वडील कचेरीत कारकून. सातवीत मी तिच्याकडून व्याकरणाचं पुस्तक दोन दिवस मागून नेलं होतं. परत दिलं, तर तिनं ते नाकाला लावलं आणि भर वर्गात म्हणाली, "ह्या पुस्तकाक बांगड्याचो वास येता गो!" दुसऱ्या दिवशी ते पुस्तक तिच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर उन्हात घातलेलं होतं. त्याच अंगणात माझी आई मासळी द्यायला गेली होती — आणि तिनं ते पाहिलं. घरी येऊन ती काहीच बोलली नाही. ते न बोलणं मी पंधरा वर्षं सांभाळलं.

आता सुमतीला नवऱ्यानं टाकलं होतं. पदरात एक मुलगी, राहायला भावाचं घर. "माका नोकरी व्हयी गो, शेवंती," ती म्हणाली. "तू कसा केलंस, ता माका सांग. माझ्या वयाक ह्या शेवटचा वरस आसा."

शेवटचं वर्ष — हे तिनंच मला सांगितलं.

ट्रेनिंग कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यासक्रम त्याच वर्षी बदलला होता. विज्ञान नवीन आलं होतं, अंकगणित वाढलं होतं, जुना इतिहास निम्मा गेला होता. तसं पत्रक शाळेत आलं होतं, मी ते वाचलं होतं. आणि तिला मी माझी जुनी पुस्तकं दिली. नुसती दिली असती तर — पण नाही. चार महिने दर रविवारी ती नदी उतरून यायची आणि मी तिला शिकवायचे. गेलेल्या इतिहासाच्या सनावळ्या मी तिच्याकडून घोकून घेतल्या. चुकली की पुन्हा म्हणायला लावायचे. "ह्याच्या बाहेरचं काही वाचू नकोस," असंही सांगितलं. तिनं ऐकलं. इतकी मन लावून शिकणारी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळाली नाही.

ती नापास झाली. कुळथाच्या पिठाची पुरचुंडी घेऊन मला भेटायला आली. "तुझो काय दोष नाय," म्हणाली. "पेपरात सगळा वेगळाच इला. माझाच नशीब." मी ते पीठ ठेवून घेतलं. त्या दिवशी मला किती गोड झोप लागली, सांगू?

पुढे ती वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात लागली. दोनेक वर्षांनी तिथल्या एस.टी. स्टँडवर दिसली. मला पाहून तिनं हात पदराखाली घेतले. तेव्हा खरं सांगता आलं असतं. कुठल्याशा शाळेत शिपाईण म्हणून तिची शिफारस तरी करता आली असती. माझा शब्द तेवढा चालत होता.

मी काय म्हणाले? "हात बघू गो तुझे."

तिनं ते पुढे केले. काजूच्या टरफलांच्या तेलानं बोटं काळी पडली होती, कातडी सोलली होती. मी ते हात हातात घेतले, उलटेसुलटे करून अगदी सावकाश पाहिले. तिला वाटलं, मी हळहळतेय — तिचे डोळे भरून आले.

माझी गाडी लागली होती. मी जाऊन खिडकीशी बसले.