मुरलीचा पाचवा रिपोर्ट

छापून झालं की अक्षरांचे शिशाचे खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात टाकावे लागतात. नाही टाकले तर दुसऱ्या दिवशी जुळवायला अक्षर सापडत नाही. किश्शांचं तसं नाही. ते कोणी सुटे करत नाही, म्हणून साचतात. जळगावच्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात मी उभं आयुष्य खिळे जुळवले. चौथीतून शाळा सुटली, पुढची शाळा तीच. आता डोळे गेले, कान गेले, पण कोणी चहा पाजला की मुरलीचे किस्से निघतात. नाही पाजला तरी निघतात, फक्त रागाने.

*

मुरली म्हणजे रावेरकडच्या सोनजी नानांचा मुलगा. नाना केळीवाले, तरुणपणी पैलवान. स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. मुरली नागपूरला विद्यापीठात पत्रकारिता शिकायला गेला आणि त्यातही खेळाची बातमीदारी घेऊन बसला. प्रोफेसरने सांगितलं, गावाकडे जाऊन एखाद्या पेपरात काम करा, होळीपर्यंत स्वतः लिहिलेले पाच रिपोर्ट छापून आणा, तरच परीक्षेला बसा. नानांनीही तेच धरून ठेवलं. पाच छापून आले तर नागपूर, नाहीतर केळीची बाग.

आमचे संपादक अण्णा त्याला म्हणाले, "मॅच संपली की कोण जिंकलं ते पोरंसोरंही सांगतात. त्याला विद्यापीठ कशाला लागतं?"

मुरली म्हणाला, "जो मॅचला आला नव्हता त्याला तिथं नेऊन बसवायचं असतं, अण्णा."

मी मनात म्हटलं, हा काही टिकत नाही. मोठ्यानेही म्हटलं. मला मनातलं मनात ठेवायची सवय नाही.

*

पहिला रिपोर्ट अमळनेर आणि जळगावच्या कॉलेजांच्या क्रिकेट मॅचचा. मुरलीने असा रंगवला की वाचणाऱ्याचा श्वास अडकावा. कोण जिंकलं हे शेवटच्या ओळीत ठेवलेलं.

आमच्याकडे रीत अशी, की सरकीचे भाव आयत्या वेळी आले की जे काही जुळवलेलं असेल ते खालून कापायचं. त्या दिवशी भाव आले. मी खालून कापलं. मला काय ठाऊक, निकाल बुडाशी ठेवलाय म्हणून!

अंक निघाला. अमळनेरवाले म्हणाले आम्ही जिंकलो, जळगाववाले म्हणाले आम्ही. ज्यांनी मॅच पाहिली होती तेही भांडायला लागले. अण्णांनी मुरलीला बोलावलं तर तो म्हणाला, "आमचे प्रोफेसर सांगत होते, निकाल पहिल्या ओळीत लिहा. का ते सांगितलं नव्हतं."

"आता कळलं?"

"सरकीमुळे."

*

दुसऱ्या रिपोर्टच्या वेळी वेगळीच पंचाईत झाली. पाच गडी शून्यावर बाद झाले होते आणि माझ्याकडे शून्य शिल्लक नव्हतं. सगळी शून्यं कापसाच्या भावांच्या तक्त्यात अडकलेली. मी मुरलीला सांगितलं, एकेकाला एक-एक धाव दे, कुणाचं काय जातंय? नाहीतर त्यांना जाऊन सांग, जरा बरं खेळा.

तो म्हणाला, नाही काढली ती धाव कशी देऊ? त्याने प्रत्येकापुढे लिहिलं, "रिकाम्या हाताने परतला."

अंक निघाला त्या संध्याकाळी त्यातला एकजण तणतणत आला. म्हणाला, "शून्य लिहिलं असतं तर चाललं असतं. घरात वाचून बायको विचारते, तुम्हाला आणायला काय पाठवलं होतं?"

*

गावात तेव्हा रेडिओ मोजके. सराफाच्या दुकानात एक होता. टेस्ट मॅच असली की फूटपाथ भरायचा. कॉमेंट्री इंग्रजीत, ऐकणारे आमच्यासारखे. मुरली पायरीवर उभा राहून एकेक चेंडू अहिराणीत सांगायचा. लोकांना इतकं गोड लागलं की सराफाकडचं गिऱ्हाईकही दागिना हातात धरून बाहेर यायचं.

एकदा ऐन रंगात वीज गेली. आपला गडी शतकाच्या काठावर. लोक मुरलीकडे बघायला लागले. हा पायरीवरून खाली उतरला. एक म्हातारा वैतागून म्हणाला, "रेडिओ बंद शे, पन तुनं तोंड ते चालू शे ना? पुढे सांग!"

मुरली म्हणाला, "मला काय माहीत पुढे काय झालं?"

"नागपूरले काय शिकना मग?"

लोक रागावून घरी गेले. मीही त्याला झापलं. अरे, पूर्ण करून टाकायचं शतक, बिचारे खूश होऊन झोपले असते. तो गडी नव्वदीतच बाद झाल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा तो म्हातारा दुकानासमोरून मान खाली घालून गेला.

*

तिसरा आणि चौथा रिपोर्ट धुळ्याच्या हुतुतूच्या सामन्यांचे. हरलेल्या संघाचा कप्तान थेट एसटीने जळगावला आला. दंड एवढे, की छापखान्याच्या दारातून तिरका होऊन आत शिरला. मी हळूच लोखंडी पट्टी हाताशी घेतली.

तो मुरलीसमोर बसला आणि म्हणाला, "भाऊ, आम्ही हरलो हे खरं शे. पण ते धुळ्यालेच राहू द्यायचं होतं ना. माझी सासुरवाडी जळगावची!"

मुरलीने त्याला चहा पाजला, जेवायला नेलं, एसटीत बसवून दिलं. बातमीतलं अक्षरही बदललं नाही.

*

होळी आली तरी पाचवा रिपोर्ट काही होईना. सोनजी नाना मुलाला न्यायला आले. केळीला पाणी द्यायला माणूस नव्हता. पण त्याच आठवड्यात एरंडोलजवळच्या एका गावात जत्रेची कुस्ती होती आणि नानांना मानाचं बोलावणं होतं.

आमच्याकडे आखाडा उघडायला दोन जुन्या पैलवानांची कुस्ती लावतात. लढाईबिढाई नसते. जरा झटायचं, पंचांनी बरोबरी म्हणायचं, दोघांना फेटे बांधायचे. नानांसमोर भिका पैलवान होते, तरुणपणापासूनचे जोडीदार. मीही गेलो होतो.

भिका पैलवानांच्या अंगात काय आलं कोण जाणे. एकदम आतून पाय घातला आणि नाना उताणे! पाठ मातीला पुरती टेकली. पंचांनी घाईघाईने दोघांचे हात वर करून बरोबरी जाहीर केली. फेटे बांधले. येताना बैलगाडीत बसल्याबसल्या नानांनी फेटा सोडून टाकला.

मुरलीने रिपोर्ट आणून दिला. अण्णा वाचून म्हणाले, "पंच म्हणतात बरोबरी, तू बरोबरी लिही. तुझा बाप आहे तो. हे छापलं तर नागपूर विसर."

"पंचांनी बरोबरी दिली, हेही लिहिलंय मी."

"खालचं, पाठ टेकल्याचं, काढ."

"मग पाचवा रिपोर्ट माझा कसा म्हणू, अण्णा?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, दोघंही मूर्ख आहात. आणि जुळवायला घेतलं.

अंक निघाला त्या सकाळी नानांचा टांगा दारात. मुरलीची पेटी आधीच टांग्यात, मुरली घोड्याजवळ उभा. नाना आत आले, स्टुलावर बसले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"छापलं का, नथूभाऊ? वाचा."

मी चष्मा लावला आणि वाचलं, दोन नामांकित पैलवानांची कुस्ती बरोबरीत सुटली.

"माही पाठ टेकली तवा मुरली कुठी बसला होता?"

"पंचांच्या शेजारी."

"मंग त्याले दिसलं नही का? नीट वाचा."

मग अंकात होतं तसं सगळं वाचलं. पंचांनी बरोबरी दिली. पण सोनजी पैलवानांची पाठ टेकली होती, हे आखाड्यातल्या सगळ्यांनी पाहिलं. वर असलेल्या भिका पैलवानांना दुखऱ्या गुडघ्यामुळे उठता येईना. तेव्हा खाली पडलेल्या सोनजी पैलवानांनीच त्यांना हात देऊन उभं केलं.

नानांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं.

"शेवटलं पुन्हा वाचा."

वाचलं.

ते उठले, टोपी घातली, बाहेर गेले. टांग्यातली पेटी दोन्ही हातांनी उचलून छापखान्याच्या पायरीवर ठेवली, आणि टांग्यात एकटेच बसले.