नणंदबाईंनी मागे घेतलेला पेपर

पोट माणसाला जेवायला नव्हे तर बिघडायला दिलेलं असतं, अशी ठाम समजूत बाळगून सुखानं जगणारी एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आहे, आणि ती माझी नणंद आहे. माजलगावच्या एका कॉलेजात त्या शिकवतात आणि अन्न कशानं बिघडतं यावर संशोधन करतात. वयानं माझ्याहून लहान, पण आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ म्हणते, त्या मला ‘वैनी’ म्हणतात. भेटल्यावर लोक एकमेकांना ‘काय चाललंय’ म्हणून विचारतात. ताई विचारतात, “पोट बरं हाय ना?” समोरचा ‘हो’ म्हणाला तर त्यांचा चेहरा किंचित उतरतो. ‘कालपासून जरा गडबड आहे’ असं कुणी म्हणालं, की मात्र त्या खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसतात आणि परवा दुपारपासून काय काय खाल्लं ते इतक्या आस्थेनं विचारतात, की तो बिचारा निम्मा तिथेच बरा होतो.

त्यांच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला एक थर्मामीटर असतो. माणसांचा नव्हे, अन्नाचा. नात्यातल्या एका लग्नात त्यांनी पंगत बसायच्या आधी तो बासुंदीच्या पातेल्यात बुडवला, डोळे मिटून थोडं थांबल्या आणि मान हलवली. नवऱ्या मुलाच्या मामांना हा मुलीकडचा काही विधी असावा असं वाटलं, म्हणून त्यांनी हात जोडले. त्या दिवशी आमच्या घरातल्या कुणीही बासुंदीला हात लावला नाही आणि बाकी गावानं चाटूनपुसून खाल्ली. कुणाला काही झालं नाही, हे ताईंना आजही खटकतं. शेंगदाणे त्यांना फार आवडतात, पण प्रत्येक दाणा मधून फोडून, आतला भाग उजेडात धरून मगच तोंडात टाकतात, त्यामुळे मूठभर दाण्यांना त्यांची अख्खी संध्याकाळ लागते. धान्यबाजाराच्या मोंढ्याजवळ फळांचा गाडा लावणारे एक चाचा त्या दिसल्या की आंब्याच्या पेटीवर पोतं टाकतात आणि अदबीनं म्हणतात, “बाजी, ये आपके वास्ते नै.” आमच्या फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर त्यांनी तारखेची चिठ्ठी डकवलेली असते. एकदा दुपारी माझे यजमान सोफ्यावर गाढ झोपले होते, तेव्हा त्यांच्याही दंडावर एक चिठ्ठी सापडली. ती लावल्याचं अजून कुणी कबूल केलेलं नाही.

या सगळ्याच्या वर त्यांचे पेपर. आपलं संशोधन लिहून मासिकात छापलं की त्याला पेपर म्हणतात, आणि दुसऱ्या कुणी आपल्या लेखात त्याचा आधार घेतला की त्याला सायटेशन, हे आमच्या घरात आता लहान पोरालाही ठाऊक आहे. कुणाची किती सायटेशनं झाली हे कॉम्प्युटरवर दिसतं. ताई रोज सकाळी चहाच्या आधी ते बघत. सासूबाई रोज सकाळी साखर तपासत. त्यामुळे आमच्याकडे सकाळी फोनवर मायलेकींचं जे बोलणं चाले, ते तिऱ्हाइताला कळणं अवघड होतं. “तुझी किती आली गं?” “होती तेवढीच. तुझी?” “वाढली बाई.” “कावून वाढली?” एकीनं वाढली म्हणून रडायचं आणि दुसरीनं वाढत नाही म्हणून.

ताईंचं पहिलं सायटेशन आलं तो दिवस मला आठवतो. परदेशातल्या कुण्या संशोधकानं एका वाक्याच्या शेवटी, कंसात, इतर चारपाच जणांच्या गर्दीत ताईंचं आडनाव घातलं होतं. आम्ही सगळे ते वाक्य बघायला जमलो. यजमानांनी अर्थ विचारला. ताईंनी भाषांतर केलं, “या धान्यावर थोडंफार काम झालेलं आहे.” मग सासूबाई उठल्या, छापलेला कागद देवघरात नेला आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं. पेढे आणायचं कुणी सुचवायच्या आधीच ताईंनी खव्यावर व्याख्यान सुरू केलं, म्हणून गूळ वाटला.

ज्या पेपरनं ताईंचं खरं नाव झालं तो भगरीवरचा. उपासाला आपण भगर खातो. तिचं पीठ दमट दिवसांत पडून राहिलं की त्याला बुरशी धरते, आणि मग सणाच्या दुसऱ्या दिवशी गावंच्या गावं चक्कर-उलट्यांनी दवाखान्यात जातात. आमच्या भागात हे इतकं नेहमीचं, की त्याची बातमी आतल्या पानावर येते. ताईंनी प्रयोग करून दाखवलं, की पीठ लोखंडी कढईत चांगलं भाजलं की बुरशी मरते. स्वस्त, सोपा, घरच्या घरी होणारा उपाय. लोकांना तो आवडला. इकडच्या तिकडच्या संशोधकांनी त्या पेपरचा आधार घ्यायला सुरुवात केली आणि ताईंचा आकडा रोज सकाळी चढलेला दिसू लागला. ताईही गप्प बसल्या नाहीत. बचतगटांच्या बैठकांत, धारूरच्या घाटाखालच्या गावांत, त्या स्वतः कढई घेऊन जायच्या आणि बायकांना भाजून दाखवायच्या. प्राध्यापकपदाच्या बढतीची मुलाखत जवळ आली होती, आणि त्यात हाच पेपर त्यांचा मोठा आधार होता.

त्या वर्षी नवरात्रात मी उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा, उपास धरला होता, पण सासूबाईंचा पूर्ण नऊ दिवसांचा. एका दुपारी त्यांनी भगरीची भाकरी खाल्ली आणि तासाभरात त्यांचे हातपाय थरथरू लागले. उलट्या थांबेनात. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं, जरा शुद्ध आली, तशी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

“पीठ श्रावणातलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “पर म्या भाजलं व्हतं, चांगलं. तिला सांगू नगंस. म्हणावं, भाजायचं इसरले.”

ताई आल्या त्या धावतच. आईचा हात हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न तोच केला. सासूबाईंनी छताकडे बघत सांगितलं, “इसरले गं. म्हातारपण.” ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आईला बरं वाटतंय एवढं बघून त्या आमच्या घरी आल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. उरलेल्या पिठाचा डबा काढून त्यांनी चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, खिडकीशी नेलं, चोळलं, वास घेतला. कच्चं पीठ पांढरट असतं. हे तांबूस होतं.

“आई खोटं बोलली,” त्या म्हणाल्या, आणि तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

पीठ बारकाईनं तपासायचं यंत्र कॉलेजात नव्हतं, ते दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत होतं. ते पीठ त्यांनी तिकडे पाठवलं. सासूबाई घरी येऊन पुन्हा साखर तपासायला लागल्या, तरी उत्तर यायचं होतं. आलं तेव्हा ताईंनी मला समजावून सांगितलं. भाजल्यानं बुरशी मेली होती, हे खरंच होतं. पण मरण्याआधी तिनं पिठात सोडलेलं विष तसंच राहिलं होतं. ताईंनी प्रयोगात बुरशी मोजली होती, विष मोजलं नव्हतं. चोर गेला हे पाहिलं आणि घरात काय ठेवून गेला ते पाहायचं राहिलं, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

प्राचार्य भला माणूस. त्यांनी सल्ला दिला, की कुणी विचारलेलं नाही, कुणी आक्षेप घेतलेला नाही, तेव्हा मुलाखत होऊ द्या, मग वर्षा-दोन वर्षांनी ‘पुढील संशोधन’ म्हणून नवा पेपर लिहा. अनेकजण असंच करतात. यजमानांनाही ते पटलं होतं. ताईंनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात मासिकाला कळवलं, की माझा निष्कर्ष चुकला आहे, पेपर मागे घ्यावा. संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “वैनी, मासिकातनं मागं घ्यायला एक ईमेल पुरतो. बायकांच्या चुलीवरनं मागं कसं घेऊ?”

दिवाळीच्या सुट्टीत मी शिकवते ती शाळा बंद होती. मी त्यांच्या स्कूटीवर मागे बसले आणि आम्ही त्या सगळ्या गावांना गेलो, जिथे त्यांनी कढई नेली होती. दर ठिकाणी त्या बायकांना गोळा करायच्या आणि सांगायच्या, की मी चुकीचं सांगितलं होतं, जुनं पीठ भाजूनही खाऊ नका, सणाला ताजी भगर आणा, निवडा, धुवा, वाळवा आणि घरीच दळा. काही ठिकाणी बायका हसल्या. काही ठिकाणी त्यांना पहिलंच आठवत नव्हतं, त्यामुळे आधी चूक शिकवून मग ती मागे घ्यावी लागली. घाटाखालच्या एका गावात मात्र एक वयस्क बाई शेवटपर्यंत हाताची घडी घालून ऐकत होती. मग तिनं विचारलं, “तवाबी तुमीच सांगितलं, आताबी तुमीच सांगताव. आताचं खरं कावून मानावं?”

मला वाटलं, ताई शास्त्र समजावतील.

“बरोबर हाय तुमचं,” त्या म्हणाल्या. “आज मला एवढंच कळलंय. यातलंबी काही चुकीचं निघालं, तर पुन्हा सांगाया येईन.”

बाईनं हाताची घडी सोडली आणि आम्हाला घरी चहाला नेलं. दूध कधी काढलेलं आहे, हे ताईंनी विचारलंच.

बढती त्या वर्षी मिळाली नाही. मुलाखतीत कुणीतरी म्हणालं म्हणे, की पेपर मागे घेतलेला माणूस आम्ही पहिल्यांदाच बघतो आहोत. ताईंनी हे मला सांगितलं ते काहीशा अभिमानानंच. पण खरी गंमत पुढेच झाली. आधार घेणारे लोक मूळ पेपर वाचत नाहीत, तशीच तो मागे घेतल्याची सूचनाही वाचत नाहीत. एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा त्याचा आधार घेतच राहिला. ताईंच्या सगळ्या पेपरांत तोच जोरात वाढू लागला. ज्या आकड्यासाठी त्या चहा थांबवायच्या, तो आता वाढलेला दिसला की त्यांचा चहा कडू व्हायचा. मग ताई त्या त्या संशोधकाला पत्र लिहायच्या, की कृपा करून माझा आधार घेऊ नका, मी चुकले आहे. बरेच जण उत्तर देत नसत. एकानं मात्र फार नम्रपणे आभार मानले आणि त्यांच्या चांगल्या कामाचा पुढच्या लेखातही उल्लेख करीन असं आश्वासन दिलं. त्या दिवशी ताई आमच्या ओट्याशी उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि नंतर ते पाणी नुसतं हसण्याचं आहे का, असं मला वाटून गेलं.

सासूबाई त्यानंतर आणखी काही नवरात्रं पाहून, म्हातारपणानं, शांतपणे गेल्या. शेवटच्या नवरात्रात त्यांनी हट्ट धरला, की भगरीची भाकरी खाईन तर लेकीच्या हातची. त्या आजारपणापासून ताई भगरीकडे फक्त सूक्ष्मदर्शकातून बघत होत्या. त्या ताजी भगर घेऊन आल्या, दाणा दाणा निवडला, धुतली, वाळवली, दळली, भाकरी थापली. मग पहिला घास स्वतः खाल्ला आणि ताट बाजूला ठेवून, घड्याळाकडे बघत आईच्या पलंगापाशी बसून राहिल्या. सासूबाई बराच वेळ वाट बघत पडून होत्या. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, “आता खाऊ का गं?”

ताईंचा देवावर विश्वास नाही, उपासावर तर नाहीच. तरी आता नवरात्राच्या पहिल्या दिवशी त्या आमच्याकडे येतात, भगर दळतात आणि मला गरम भाकरी वाढतात. मी खाते. त्या समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतात, आणि मी त्यांना हवा तेवढा वेळ बघू देते.