मधल्या खांबाची चीर

गोत्रीच्या आमच्या सोसायटीत मानसिंगराव शिर्क्यांचं घर अगदी समोर. बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली, तरी महिन्यातून एकदा स्कूटर काढून ते गावाबाहेरच्या आपल्या पहिल्या पुलावर चक्कर मारून यायचे. निरुपमाकाकू नव्या भाडेकरूलाही सांगायच्या, "तो पूल आमच्या ह्यांनी बांधलाय हां!"

दोन वर्षांपूर्वी त्यांना मधल्या खांबाला आडवी चीर दिसली. जुन्या इंजिनिअरांची एक रीत असते. चिरेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख घालायची. काच टिकली तर चीर मेलेली, तडकली तर जिवंत, म्हणजे अजून वाढतेय. फोटो-फ्रेमची काच मी दिली, शिडीही मीच धरली. चार महिन्यांत काच तडकली.

त्यांनी अर्ज केला. तन्मय नावाचा तरुण गुजराती इंजिनिअर येऊन बघून गेला. "काका, छोकऱ्यांनी दगड मारला असेल. टेन्शन नका घेऊ ने!"

मग काकांनी दगड पोचणार नाही अशा जागी तीन पट्ट्या लावल्या. पावसाळा संपता संपता तिन्ही तडकल्या. त्या दिवशी शिडीवरून उतरून ते खालीच बसले. म्हणाले, "वहिनी, चीर बरोबर माझ्या सहीच्या जागी आहे."

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी साहेबांची भेट ठरली म्हणून खांबाचं काँक्रीट अर्ध्यात थांबवलं होतं. तिसऱ्या दिवशी जुन्या थराला छिन्नीने टाचे मारून, तो खरवडून मग नवं ओतायला हवं होतं, म्हणजे दोन्ही थर एकजीव झाले असते. घाई होती. टाचे मारले नाहीत, आणि 'मारले' म्हणून काकांनी सही केली.

आता तेच नव्या अर्जात लिहायचं त्यांनी ठरवलं. काकू कळवळल्या. "अर्ज द्या, पण हे कशाला? कोण विचारतंय तुम्हाला?"

"कोणी विचारत नाही म्हणून तर त्यावरून डंपर जातायत, निरू."

अर्ज गेला, आणि या वेळी मशीन लावून तपासणी झाली. आधी जड वाहनं बंद झाली, मग सगळीच.

सात किलोमीटरचा वळसा पडायला लागला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये रणवीरभाई सगळ्यांसमोर म्हणाले, "शिर्केकाका, पन्नास वर्षं काय झोपला होतात?" काही जण हसले. काकांनी मान हलवली, जणू प्रश्न रास्तच होता. काकूंनी मात्र त्यानंतर भजनाला जाणं सोडलं.

गेल्या रविवारी काकांनी मला पुलापर्यंत न्याल का म्हणून विचारलं. काकूही गाडीत येऊन बसल्या, का ते मला कळलं नाही. रस्त्यावर वाहनं अडवायला लावलेल्या आडव्या सळया, पलीकडे रिकामा पूल. खाली उतरून खांब बघायचा का, असं मी विचारलं.

"नको. आता वरून कोणी जात नाही ना, बस."

बराच वेळ ते उन्हात उभे राहिले. काकू उतरल्या नाहीत. ते परत येऊन मागच्या सीटवर बसले, तेव्हा काकूंनी आपली पर्स उचलून दोघांच्या मधे ठेवली आणि काचेबाहेर बघत राहिल्या.