सहीच्या वरची ओळ

बाईंनी पर्समधून प्लास्टिकचा पातळ हातमोजा काढला आणि माझ्यापुढे बाकावर ठेवला. म्हणाल्या, "हा घाला, मगच पुस्तकाला हात लावा. पुस्तकं शाळेची आहेत."

वर्गात बाकीच्या आयाही होत्या. कुणी हसलं नाही, हे खरं. पण सगळ्यांनी एकदम पुस्तकात माना घातल्या. हसल्या असत्या तरी परवडलं असतं. मी मोजा घातला.

मी वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात बिया फोडते. पायाने दांडा दाबायचा, बी फुटली की हाताने गर काढायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं. कामाला बसण्याआधी आम्ही हाताला राख चोळतो, तरी बोटं काळी व्हायची ती होतातच. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं करून झालं. माझ्या आईचीही अशीच होती. सरणावर ठेवली तेव्हाही काळीच.

माझी मुलगी इंग्रजी शाळेत तिसरीत आहे. तिच्या वर्गाच्या बाईंनीच आयांसाठी रविवारचा इंग्रजीचा वर्ग काढला होता. फुकट. आय ॲम, यू आर, शी इज. मला काही मडमेसारखं फाडफाड बोलायचं नव्हतं. मुलीच्या डायरीत बाई दर शुक्रवारी काहीतरी लिहायच्या, खाली पालकांची सही लागायची. ते तेवढं मला वाचायचं होतं. वर्षभर मी न वाचताच सही करत आले होते.

मोजा घालून लिहून बघा कधी. आत घाम येतो, पेन घसरतं, अक्षर ओळ सोडून कुठेही जातं. बाईंनी माझी वही उचलून सगळ्यांना दाखवली. "तिसरीतली मुलं याहून बरं लिहितात." मोजा त्यांनीच दिलेला. पण मी बोलले नाही. बोलले आणि तो राग पोरीवर निघाला तर? पाच रविवार मी तो मोजा घातला. घरी आणून धुवायचे, दोरीवर माझ्या साडीशेजारी वाळत घालायचे. याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी मुलीने डायरी पुढे केली. हात आगआग करत होते म्हणून रोजच्यासारखं खोबरेल लावलं होतं. सहीसाठी पेन घेतलं आणि नजर वरच्या ओळीवर गेली. अक्षराला अक्षर जोडत गेले. मदर्स हँड्स आर डर्टी. प्लीज वॉश.

कुणाच्या मदतीशिवाय मी वाचलेलं पहिलं इंग्रजी वाक्य.

मागची पानं उलटली. पेज इज डर्टी. डर्टी हँड्स अगेन. प्रत्येक ओळीखाली माझी सही, तेलकट काळ्या डागासकट. बाईंनी घाणेरडी म्हणायचं आणि मी खाली सही करून होय म्हणायचं, असं वर्षभर चाललं होतं.

मी मुलीला विचारलं, "ह्यां तुका वाचूक येता?"

तिने मान डोलावली. मग म्हणाली, "तुका वाईट वाटात म्हणान सांगूक नाय."

आठ वर्षांची पोर. वर्षभर तिने हे पोटात ठेवलं. मी रडले. रागाने रडले आणि हातात काहीच नव्हतं म्हणून रडले. दुसरी शाळा कुठली शोधू? दुसरे हात कुठून आणू?

रविवारी गेले. मोजा घरीच ठेवला.

"मोजा कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही घालणार."

"मग पुस्तकाला हात लावता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा."

सगळ्यांना. त्या खोलीत मोजा फक्त मला होता. मी पुस्तक उघड्या हाताने त्यांच्याकडे सरकवलं, माझी वही घेतली आणि बाहेर पडले. मागून कुणी हाक मारली नाही. वर्ग संपला होता, माझ्यापुरता.

घरी येऊन डायरी उघडली. शुक्रवारची ओळ तशीच होती, सहीची जागा रिकामी.

"आये, सही कर गो. बाई वरडतली," मुलगी म्हणाली.

ओरडतील. पोरीलाच ओरडतील, आणि मी तिथे नसेन. हे मला थांबवता येणार नाही. तरी सही केली नाही. त्या जागेत लिहिलं: आय वर्क. माय हँड्स आर ब्लॅक. नॉट डर्टी. पानाला डाग पडला. पुसला नाही.

पुढचं इंग्रजी मुलीच्या जुन्या पुस्तकातून शिकेन. चुकत शिकेन. पण न वाचता माझी सही आता कशाखालीही मिळणार नाही. शाळेला नाही, कारखान्याला नाही, कुणालाच नाही.