फॉर्मवाली

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून तिचे फॉर्म लावत होतो. मी गठ्ठे करायचे, तिने सुतळीने बांधायचे. एक कागद कोरा उरला.

"तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईचा," ती म्हणाली. "तीनदा गेले, तीनदा साखळी लावूनच नाही म्हणाली. सोमवारी सकाळी जाते. तिची दुपारची पाळी असते."

मी म्हटलं, "एक घर राहिलं तर काय बिघडतं?"

"अहो, ज्याच्या घरी काही दुखणं असतं तोच दार लावून घेतो. तेच सोडलं तर बाकीची लिहून उपयोग काय?"

यानंतर आम्ही दोघांनी मिळून काही केलं नाही.

ही माझी बायको. सातवी शिकलेली. मी दुसरीतून उठलो आणि आमच्या गावात, उमेळ्यात, वडिलांच्या केळीच्या वाडीत शिरलो, तो तिथेच राहिलो. ती सरकारी दवाखान्याच्या पाहणीला रोजावर जायची. कुणाला खोकला, कुणाला ताप, कुणाला दिवस गेलेत, घरोघर विचारून लिहायचं. गाव तिला फॉर्मवाली म्हणायचं.

तेव्हा आमच्याकडे वाड्या विकून इमारती उठत होत्या. सर्वे म्हटलं की कुणी जमीन मोजायला आलंय समजून माणसं कुत्रं सोडायची. बाकीच्या बायका 'घर बंद' लिहून पुढे जायच्या. हिने सर्वे हा शब्दच टाकला. पहिल्या दिवशी कागद न घेता जायची, अंगणात बसून तब्येतीचं विचारायची, आणि दुसऱ्या दिवशी लिहायची. म्हणायची, "घर बंद नसतं हो. आपली वेळ चुकते."

पाचूबंदरला मी एकदा तिला सायकलवर सोडलं. एक कोळीण बोंबील वाळत घालत होती. म्हणाली, "माजे हात रिकामे नाय. बोंबील टाकून तुज्याशी कोन बोलंल?" हिने पेन अंबाड्यात खोवलं आणि तिच्यासोबत बोंबील टांगायला लागली. टांगता टांगता सगळं विचारून घेतलं. तिथे जमलेल्या शेजारणींची घरंही झाली. दवाखान्यातले साहेब म्हणाले, बाई, फॉर्मला वास मारतोय. ही म्हणाली, "मग घर खरं आहे, साहेब."

माझी अक्कल एकदा चालली, तीही सांगतो. तिला ताप होता. मी म्हटलं शेजारच्या दामूदादाचा फॉर्म आपणच भरू. रोज सकाळी माझ्या ओट्यावर चहाला बसतो, त्याचं मला काय माहीत नाही? वेडंवाकडं लिहिलं, खोकला नाही, काही नाही. तिने पाहिलं आणि फाडून टाकलं.

"तुम्हाला दामूदादा माहीत आहे. त्याची छाती माहीत नाही."

ताप उतरल्यावर भरदुपारी गेली, त्याची बायको बाजारात असताना. दोन महिने खोकत होता. पोरीचं लग्न ठरत होतं म्हणून दामू घरातही लपवत होता, आणि माझ्यासमोर चहाच्या घोटाबरोबर खोकला गिळत होता. टीबी निघाला. हिने त्याला पूर्ण गोळ्या घ्यायला लावल्या, सोयरिकीत चकार शब्द जाऊ दिला नाही. दामू अजून आहे. मी जन्मभर त्या माणसाशेजारी बसलो आणि मला दिसलं नाही. तिला अर्ध्या तासात दिसलं. हे तिला कसं जमायचं, मला अजून समजलेलं नाही.

रविवारी पहाटे ती उठलीच नाही. दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

सोमवारी सकाळी मी तो कोरा कागद घेतला. सुतकात कुणाच्या दारी जाऊ नये म्हणून भाऊबंदांनी अडवलं. मी गेलो. तिसऱ्या मजल्यावर बेल दाबून, फॉर्म समोर धरून उंबऱ्यापासून लांब उभा राहिलो.

साखळी तशीच ठेवून बाई म्हणाली, "आज काकू नाही आल्या?"

"काल गेली. तुमचा तेवढा राहिलाय."

बाईने साखळी काढली. मी अक्षरावर बोट ठेवून पहिली ओळ वाचली, "घरात माणसं किती?"

बाई आतल्या खोलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दोन लिहा. एक झोपून असतो."

मी दोन लिहिलं.